किलोमीटर बाकी होते

लडाखमध्ये आमच्या ट्रान्सपोर्ट प्लाटूनचं पोस्टिंग दोन हिवाळ्यांचं होतं. मी तेव्हा लान्स नायक, ड्रायव्हर, गाव निपाणीजवळ. आता निवृत्त होऊन बेंगळुरूत के. आर. पुरमला राहतो. सोसायटीतले लोक गाडीच्या इंजिन ऑइलबद्दल मला विचारतात. मी जे सांगतो ते सगळं नायक मंजुनाथ जाधवचं आहे. तो जिवंत असताना मी त्याचं एक अक्षर ऐकलं नाही, कारण मी त्याच्यावर जळत होतो.

मंजुनाथ चामराजपेटचा. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. वयानं माझ्याहून लहान, मला अण्णा म्हणायचा. नायकची फीत मात्र त्याच्या दंडावर आधी चढली.

रोज 0530 ला फर्स्ट परेड. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची, ऑइलची पातळी बघायची. मग इंजिन गोठू नये म्हणून उभ्या गाडीतच चाळीस मिनिटं चालू ठेवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. रस्ता बंद असला की गाडी आठ-आठ दिवस जागची हलत नसे, मीटरवर किलोमीटर चढत नसत, इंजिन मात्र रोज घासत असे. हे तास मंजुनाथ एका वहीत लिहायचा आणि त्यावरून ऑइल लवकर बदलून घ्यायचा. त्याची गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. सुभेदार साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "गाड़ी रखना जाधव से सीखो." माझ्या पोटात दुखायचं. बर्फाच्या घाटात माझ्याइतका हात कुणाचा नव्हता, पण त्याबद्दल मला परेडवर कधी शाबासकी मिळाली नाही.

एका सकाळी त्यानं माझ्या गाडीची डिपस्टिक काढली आणि ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं.

"अण्णा, स्वल्प ऐक. काळं झालेलं चालतं, दाट झालेलं नाही. बदलून घे."

"अजून दोन हजार किलोमीटर बाकी आहेत."

"किलोमीटर चाकांचे. इंजिनाचे तास मोजायचे."

मी म्हणालो, फीत तुला मिळाली असेल, गाडी माझी आहे. तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि हात पुसून निघून गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, 0550 ला, वरच्या पोस्टवरून रेडिओ आला. "एक कैजुअल्टी. साँस की तकलीफ. हेलिकॉप्टर नहीं आएगा. गाड़ी भेजो. ओवर." ड्युटी माझी होती. मी सेल्फ मारला. इंजिन दोनदा जडपणे फिरलं आणि थांबलं. दुसरी बॅटरी लावली, तरी तेच. त्या थंडीत दाट ऑइल हलायलाच तयार नव्हतं. शेजारी मंजुनाथची गाडी चालू होती.

सुभेदार साहेब माझ्याकडे आले. "गाड़ी जाधव की. घाट में हाथ तेरा अच्छा है. ले जाएगा?"

हो म्हणायला हवं होतं. पण सगळ्या प्लाटूनसमोर त्याची गाडी मागून न्यायची, हे मला सोसवेना.

"साहब, जिसकी गाड़ी, वो ले जाए."

मंजुनाथ 0611 ला निघाला. 0655 ला तिसऱ्या वळणावर गाडी घसरून दरीत गेली. को-ड्रायव्हर आधीच बाहेर फेकला गेला, तो वाचला. मंजुनाथ गेला.

0820 ला मी तोवर सुरू झालेली दुसरी गाडी घेऊन त्याच वळणावर होतो. मी नेहमी करायचो तसंच केलं. वळणाआधी पूर्ण थांबलो, पहिला गिअर टाकला, डोंगराकडची चाकं कडेच्या खडीवर ठेवली आणि ब्रेकला पाय लावला नाही. गाडी इंचभर घसरली नाही. पोस्टवरचा जवान खाली आला आणि बरा झाला.

चौकशीत मला ऑइलचे किलोमीटर विचारले. ते मर्यादेत होते. कागदावर माझी चूक निघाली नाही. तास कुणी विचारले नाहीत.

सोसायटीत एक पुण्याची इंजिनिअर मुलगी आहे, रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जाते. परवा म्हणाली, "काका, दहा हजारला ऑइल चेंज आहे, माझे सहाच झालेत." मी तिला मॅन्युअलची पुढची ओळ वाचायला लावली. किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्याहून लवकर. तिची गाडी दिवसाचे दोन तास नुसती रांगते. ग्रेडही मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्यायचा. डब्यावर 5W-30 असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. कुणी जाड ऑइल चांगलं म्हणून गळ्यात मारलं तर घ्यायचं नाही. तिनं विचारलं, तुम्ही मेकॅनिक होता का? मी म्हणालो, ड्रायव्हर होतो.

निवृत्तीनंतर सहा वर्षं मी चामराजपेटला गेलो नाही. गेल्या वर्षी गेलो. मंजुनाथच्या बायकोला, सुनंदाअक्कांना, ऑइलचं सांगितलं. साहेबांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, हेही सांगितलं. त्या उठल्या. मग आत जाऊन कॉफी घेऊन आल्या.

"आमचे हे फोनवर तुमचंच सांगायचे, अण्णा. निपाणीचा अण्णा घाट चढवतो तसा मला जमत नाही म्हणायचे. फार जळायचे तुमच्यावर."

मी कॉफी हातात धरून बसलो.

"घाटातलं ते तिसरं वळण कसं घ्यायचं, तुम्हालाच विचारतो म्हणायचे. विचारलं का त्यांनी?"

मी नाही म्हणालो.

नायक मंजुनाथ जाधवनं मला दोनदा विचारलं होतं.