दोन यंगजा

अकोल्याहून अमेरिकेला निघाले त्या दिवशी बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन धान्याच्या काट्यावर तोलल्या. वजन ठरल्यापेक्षा गुंजभरही वर जायला नको, हा त्यांचा हट्ट. आई मात्र सामानाकडे फिरकली नाही. मला दारात उभं करून ती शिकवत होती, चोवीस वर्षांत राहून गेलेलं सगळं तिला त्या दहा मिनिटांत उरकायचं होतं. शेवटचं वाक्य लख्ख आठवतं. "अन् मोठ्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. तिकडं मारतात म्हणे. आपण नाही मारायची." रिक्षा हलली तरी ती हातानेच नाही, नाही करत होती.

ते वाक्य मी इतकं पाळलं की एका बाईच्या जिवावर बेतलं. तिकडे राहिलेल्यांना हे मी कळवलं नाही, इकडे आलेल्या मैत्रिणींनाही नाही. लाज वाटत होती. आज लिहिते.

मी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहते आणि एका फार्मसीत टेक्निशियन आहे. आमचा नियम साधा आहे. पूर्ण नाव आणि जन्मतारीख गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने सांगायची, मगच औषधाची पिशवी हातात द्यायची. तरुणांना विचारताना मला काही वाटत नसे. आजीच्या वयाच्या बाईला मात्र "नाव काय, जन्म कधीचा" असं दरडावल्यासारखं विचारायला जीभ रेटत नसे. ओळखीच्या म्हाताऱ्या बायकांना मी "हॅलो आंटी" म्हणून सरळ पिशवी काढून द्यायची. अमेरिकेत आपण थोडं अकोला टिकवलंय, असा मला चक्क अभिमान होता.

यंगजा किम ही त्यांतलीच एक. उंच, ताठ, पंचाहत्तरीच्या पुढची कोरियन बाई. तिचं नाव छान आहे म्हटल्यावर तिने हात उडवला होता. "ओल्ड लेडी नेम. माय क्लास, फोर यंगजा. नाऊ, नो बेबी यंगजा." आपल्याकडे कुसुम आणि इंदुमती अशाच एका पिढीत वर्गावर्गाला असायच्या आणि आता बारशात ऐकू येत नाहीत. मी हसले होते. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्या दुपारी उन्हाची मोठी टोपी आणि तोंडाला मास्क लावलेली एक कोरियन आजी काउंटरवर आली. चेहरा दिसत नव्हता, आणि उंचीकडे माझं लक्षच गेलं नाही. मी विचारलं, "यंगजा आंटी?" तिने मान हलवली. मी पिशवी दिली, ती वाकून नमस्कार करून गेली.

वीस मिनिटांनी उंच, ताठ यंगजा समोर उभी राहिली आणि मी कॉम्प्युटरकडे धावले.

कॉम्प्युटरवर दोन यंगजा किम होत्या. दुसरी मागच्याच आठवड्यात आमच्याकडे नोंदली गेली होती. पहिलीचं रक्त पातळ करणारं औषध मी दुसरीला दिलं होतं, आणि दुसरीच्या नोंदीत होतं: पोटात अल्सर, नुकताच रक्तस्राव. डॉक्टरने तिला नवी गोळी लिहून दिली होती, म्हणजे गोळी अनोळखी दिसली तरी तिला संशय येणार नव्हता. आमची फार्मसिस्ट मिशेल एवढंच म्हणाली, "कॉल हर. कीप कॉलिंग."

मी फोन लावत राहिले. कोणी उचलेना. शेवटी, एका गिऱ्हाइकाबद्दल दुसऱ्याशी बोलायचं नाही हा नियमही मी मोडला आणि समोरच्या यंगजाला विचारलं, "आंटी, मोठी टोपी, मास्क. आत्ता गेली. ओळखता?"

"डॅनियल ग्रँडमा," ती म्हणाली. "माय चर्च."

"तिचं नाव?"

"नेम, डोन्ट नो. एव्हरीबडी से डॅनियल ग्रँडमा."

मी तिच्यापुढे हात जोडले. तिने काही न विचारता पर्समधून फोन काढला आणि डॅनियलच्या आईशी मोठ्याने कोरियनमध्ये बोलायला लागली. मला एक शब्द कळत नव्हता. मी फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती थांबली, ऐकत राहिली, मग म्हणाली, "शी इज ईटिंग. आफ्टर फूड, मेडिसिन."

अर्ध्या तासाने डॅनियलची आई, म्हणजे त्या आजींची सून, त्यांना घेऊन आली. बाटलीचं सील तुटलेलं होतं. मिशेलने गोळ्या ट्रेवर ओतल्या आणि पाच-पाच करून मोजल्या. मी मनातल्या मनात सोबत मोजत होते. तीसच्या तीस भरल्या. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती. पण त्याआधी मी उठून, डोळे पुसून त्या आजींना विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि जन्मतारीख." त्यांनी सुनेकडे पाहिलं, मास्क खाली केला आणि सावकाश म्हणाल्या, "किम यंगजा." मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. "हजबंड डाय. नाऊ, नोबडी से."

संध्याकाळी मी अकोल्याला फोन लावला. आई नुकतीच उठली होती. मी काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "आई, तुझं पूर्ण नाव सांग. आणि जन्मतारीख."

"काय झालं तुला? जन्मतारीख मास्तरांनी लावली ती एक जून. खरी कुणाला माहीत." मग तिनेच विचारलं, "नाव लग्नाआधीचं सांगू का नंतरचं?"

मला लग्नाआधीचं माहीतच नव्हतं. मामा तिला अक्का म्हणतात, बाबा "अगं" म्हणतात, गल्ली आम्हा मुलांची आई म्हणते.

"वत्सला," ती म्हणाली. "त्या नावानं हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही."

जे घर सुटलं म्हणून मी इतकी वर्षं इथे उसासे टाकते आहे, त्या घरात आई स्वतःच परक्या गावाहून आली होती, आणि येताना तिचं नावही काढून घेतलं गेलं होतं. घर सोडणारी आमच्यात मी पहिली नव्हते. दारात उभी राहून मला शिकवणाऱ्या बाईला कुणी काय शिकवून पाठवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

आता घर म्हटलं की मला अकोला आठवत नाही, फ्रिस्कोही नाही. आता दर रविवारी आईला करते तो फोन आठवतो. त्यात मी तासभर आई, आई करते, आणि ठेवताना एकदाच, हळू आवाजात, वत्सला म्हणते. ती अजून रागावलेली नाही.