‘जाते’ म्हणायची जागा

आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. कॅन्सरच्या इस्पितळाजवळ मी मदतीला जाते त्या धर्मशाळेत उलटं आहे. आजारी मुलांना घेऊन लांबून आलेल्या बाया तिथे एकत्र स्वयंपाक करतात, आणि मूल बरं होऊन कुणी गावी निघाली की तिच्याकडून मुद्दाम ‘जाते’ वदवून घेतात. चुकून ‘येते’ म्हटलं की दटावतात, “परत येऊ नको, बाई.” एका शब्दाने दुखण्याला दार लावता येतं, असं मलाही वाटू लागलं होतं.

आज सकाळी भाजी निवडत होतो, तेव्हा किनवटची सुमन निघाली. तिची मुलगी परवा गेली. पिशवीतून लोकरीची छोटी टोपी डोकावत होती. दाराशी वळून ती सवयीने म्हणाली, “येते.”

कुणीच तिला टोकलं नाही.