पाचव्या दारातली भाकरी

त्या वर्षी आमच्या घरात मुदतीचा ताप शिरला आणि नऊ वर्षांचा मुलगा गेला. धाकटी कुसुम, चार वर्षांची, तिचा ताप उतरला. एक तरी वाचलं, असं लोक म्हणाले. पण ताप उतरूनही ती जेवेना. हीसुद्धा जाणार, फक्त सावकाश, हे मला दिसत होतं.

मी नवी पेठेत सुताच्या पेढीवर दिवाणजी होतो. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही दुकानातली सवय घरातही आली होती. पेज, मुगाचं कढण, दूध, जे काही तिच्या पोटात जाई ते मी चमच्याने मोजत असे. सकाळी तीन चमचे, संध्याकाळी दोन, त्यातलाही एक ओकून टाकलेला. डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. भूक आपोआप लागायला हवी. मागेल ते द्या." ती काहीच मागत नव्हती. चमचा जवळ नेला की ओठ मिटून भिंतीकडे वळे. हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत.

मुलं तापाने पडली तेव्हा माझी पत्नी आमच्या कुलस्वामिनीला, तुळजाभवानीला, बोलली होती की पोरं उठली की पाच घरी जोगवा मागीन. मुलगा गेल्यावर मी म्हटलं, "एक तर नेलं तिने. आता कसला जोगवा?" ती म्हणाली, "दोघांसाठी बोलले होते. एक अजून उठायची आहे." पुढे ती स्वतःच अंथरुणाला खिळली. "आता उठायची वाट नको. तुम्हीच न्या हिला जोगव्याला," एवढंच म्हणाली. माझ्यात श्रद्धा उरली नव्हती, पण तिला नाही म्हणायचं बळही नव्हतं.

कुणाचं फुकट घ्यायचं नाही, असा माझा बाणा. देवीच्या नावाने का होईना, दारोदार मागणं मला सोसणारं नव्हतं. म्हणून शुक्रवारी कुसुमला कडेवर घेतलं, हातात परडी धरली आणि खांद्याला घरच्या ज्वारीची पिशवी अडकवली. परडीत जेवढं पीठ पडेल, तेवढ्या मापाची ज्वारी त्याच घरी ठेवायची, असं ठरवलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून भवानी पेठेत गेलो. पहिल्या दोन घरी उंबऱ्यावर ज्वारी ओतून पुढे निघालो. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या घरची बाई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वो भाऊ, जोगवा मागताय का बाजार करताय?" आतून कुणीतरी हसलं. "उचला ती ज्वारी. द्यायचंच हाय तर मागाय कशाला आलात?"

मी खाली बसून दाणे गोळा केले. चौथ्या घरी पीठ घेतलं आणि काही न ठेवता निघालो. मान वर करवत नव्हती.

पाचवं दार एका विणकराचं होतं. सुताच्या कांड्या भरायचं काम बाजूला सारून एक म्हातारी जेवायला बसली होती. ताटात भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा. "पीठ संपलंय की," ती म्हणाली. मग कुसुमकडे बघत राहिली. तिने आपल्या ताटातली भाकरी मोडली, चटणी लावली, आणि परडीत न टाकता कुसुमच्या हातात दिली.

परक्या घरचं, उष्ट्या ताटातलं, आणि आजारातून उठलेल्या पोरीला तिखट. मी ते काढून घ्यायला हात पुढे केला.

"तुला न्हाय दिलं, बाबा," म्हातारी म्हणाली, "तिला दिलंय. तुला पायजे तर तू बी माग."

कुसुमने तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं. ती आता ओकणार म्हणून मी वाट बघत उभा होतो. तिने घास गिळला आणि रिकामा हात म्हातारीपुढे धरला.

"अजून," ती म्हणाली.

तापानंतर तिने मागितलेली ती पहिली गोष्ट. तिला घेऊन मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो. ती खात होती. थोड्या वेळाने मीही हात पसरला. म्हातारीने त्यावर तुकडा ठेवला.

देवीच त्या रूपात आली, असं आमच्या नात्यातले लोक सांगतात. मी तसं सांगत नाही. भूक आपोआप लागायला हवी असं डॉक्टर म्हणालेच होते; ती लागायची वेळ कदाचित तीच असेल. पत्नी बरी झाल्यावर आम्ही खण-नारळ घेऊन त्या दारी गेलो, तर म्हातारीला काही आठवेना. "कुठली पोरगी? दारात रोज कोण ना कोण येतंय की," म्हणाली, आणि कांड्या भरत राहिली.

मुलगा का नेला, हे मला कळलेलं नाही. पूर्वी देवीसमोर उभा राहिलो की तोच प्रश्न विचारत असे. आता विचारत नाही. जे तिने ठेवलं, ते माझ्या कुठल्याही मापात बसणारं नव्हतं, एवढं मात्र मी जाणतो. दिवेलागणीला तिच्या तसबिरीपुढे मी तळवे उघडे ठेवून उभा राहतो. बहुतेक वेळा त्याच सुमाराला स्वयंपाकघरातून कुसुमचा आवाज येतो. जेवायला कधी वाढणार, म्हणून ती आईच्या मागे लागलेली असते.