वेचणाऱ्या बायांचं काय झालं?

अकोल्याच्या चंद्रभान गुरुजींचा आवाज खणखणीत होता. त्यामुळे १९६० च्या सुमारास खेड्यांत सिनेमा दाखवणारी अमेरिकन वकिलातीची गाडी आली, की चित्रं समजावून सांगायला त्यांनाच नेत. हातात दिलेला इंग्रजी कागद वाचून वऱ्हाडीत सांगायचं, एवढंच काम होतं, पण गुरुजींना ते फार आवडायचं.

तेल्हाऱ्याजवळ एका गावात पडद्यावर कापूस वेचणारं यंत्र आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोजानं कापूस वेचायला जाणारी सुंदराबाई मात्र उभी राहिली.

"गुरुजी, मंग तिथल्या वेचणाऱ्या बाया आता काय करून राह्यल्या?"

गुरुजींनी कागद उलटसुलट पाहिला. त्यात बायांचा उल्लेखच नव्हता.

"मले माईत नाई, बाई," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी रशियाचे सिनेमे घेऊन दुसरी मंडळी आली. त्यांनीही गुरुजींनाच बोलावलं. त्यांच्याही सिनेमात तसलंच यंत्र होतं. गुरुजींनी आधीच विचारलं, तर पाहुणे म्हणाले, "बाया सुखी झाल्या." सुंदराबाईला ते पटेना. "सुखी झाल्या, पन खातात काय?"

गुरुजींनी दोन्हीकडे पत्रं लिहिली. एकीकडून रंगीत कॅलेंडर आलं, दुसरीकडून गुळगुळीत कागदाचं मासिक. उत्तर कोणाचंच आलं नाही.

पुढे पडद्यावर यंत्र दिसलं, की गुरुजी थांबून सांगू लागले, "इथं वेचणाऱ्या बाया होत्या. त्याइचं काय झालं, थे मले कोनी सांगतलं नाई."

वर्षभरात अमेरिकेच्या आणि रशियाच्या, दोन्ही मंडळींनी सिनेमा समजावायला दुसरा माणूस शोधला. गुरुजी चार दिवस उदास होते. मग सुंदराबाईनं निरोप धाडला, "गुरुजीले म्हना, तुमी बराबर बोलले."