दार लागत नाही

लिफ्टमास्तरांच्या गाडीचं पुढचं डावं दार लागत नव्हतं. उजवंही लागत नव्हतं, पण डाव्याइतका छळ ते करत नव्हतं, म्हणून घरात डाव्याचंच नाव निघायचं. वरच्या कोपऱ्यात ते चौकटीला घासायचं आणि खाली एवढी फट राहायची की शेडमधलं मांजर तिच्यात पंजा घालून बघायचं. जोरात आपटलं की लागल्यासारखं वाटायचं, मग टक् करून उघडायचं. तो टक् ऐकला की मास्तरांच्या डोक्यात तिडीक जायची.

लाजिरवाणी गोष्ट अशी, की दारं लावणं हाच मास्तरांचा धंदा. लिफ्ट बंद पडली की लोकांना वाटतं मोटर जळली. मास्तरांना ठाऊक होतं की बहुतेक वेळा खोट दारात असते. दार पुरतं मिटलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही. शहरातल्या कितीतरी इमारतींमधली हट्टी दारं त्यांनी वठणीवर आणली होती. घरच्या दाराने मात्र नाक कापलं होतं.

गाडी मिळाली ती मेहुण्याच्या गोदामामागे. गोल दिव्यांची, फुगीर पाठीची, त्यांच्या लहानपणी डॉक्टर लोक चालवायचे तसली. टपावर गवत उगवलं होतं. मेहुणा म्हणाला, "घेऊन जा भावोजी. आतले उंदीर वेगळे मोजत नाही."

मास्तरांनी इंजिन उतरवून खोललं, साफ केलं, चालू केलं. त्यात फारसा त्रास झाला नाही. त्रास पत्र्यात होता. दारांखालून पुढून मागे जाणारी पत्र्याची जी पोकळ तुळई असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. मास्तरांनी गाडी पुढे-मागे लोखंडी स्टँडवर चढवली, दारं काढली, दोन्ही बाजूंच्या तुळया ग्राइंडरने कापून टाकल्या आणि जाड पत्र्याच्या नव्या बसवल्या. वेल्डिंग असं केलं की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. मग दारं परत टांगली, आणि तेव्हापासून हा टक् सुरू झाला.

त्यांनी बिजागऱ्यांखाली चकत्या घातल्या. चकत्या काढल्या. दाराची वरची कड कानशीने घासली, थोडी आणखी घासली. खालची फट पुट्टीने भरली. पुट्टी वाळली, तासली, पुन्हा भरली. दार कधी केसभर सुधारायचं, कधी होतं त्याहून बिघडायचं. कंटाळा आला की मास्तर गाडी सजवायला बसायचे. पाडायला काढलेल्या एका इमारतीतून लिफ्टची पितळी पाटी त्यांनी मागून आणली होती. ती डॅशबोर्डवर चढवली. तळमजल्याचं बटण दाबलं की गाडी चालू, पहिला मजला म्हणजे दिवे, दुसरा म्हणजे वायपर.

"आणि तिसरा?" मेहुण्याने विचारलं.

"पंखा."

"आणि दार लावायचं बटण?"

मास्तर कानस उचलून पुन्हा दाराकडे वळले.

बायकोला या विनोदाचं हसू येत नव्हतं. ती कपडे अल्टर करून द्यायची. शेड तिच्या कामासाठी बांधलेली होती. गाडी आली तशी तिची दोन्ही मशीनं झोपायच्या खोलीत गेली, आणि गिऱ्हाइकांचे कपडे पलंगावर. "झोपायला जाताना आधी कुणाची तरी पँट उचलावी लागते," ती शेजारणीला सांगायची, मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने. आता शाळा उघडायच्या होत्या. गणवेश वर-खाली करून घ्यायला आयांची रांग लागणार होती. तिने एकदाच सांगितलं, "अहो, शाळा उघडायच्या आत एक तर गाडी चालती करा, नाहीतर घालवा. मला शेड पाहिजे."

घालवायची सोयही मेहुण्याने करून ठेवली. हमरस्त्यावर एकाचं मोठं हॉटेल होतं. त्याला दारात शोभेला जुनी गाडी हवी होती. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील. "दारं वेल्ड करून बंद करायची, बॉनेटमध्ये कुंड्या. विषय संपला," मेहुणा म्हणाला. "रविवारी बघायला घेऊन येतो त्यांना."

"इंजिन चालू आहे तिचं," मास्तर म्हणाले.

"मग? कुंड्यांना पाणी कमी लागेल का त्याने?"

शुक्रवारी मास्तरांना एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार अडत होतं. तिथला केअरटेकर उत्साही गृहस्थ. त्याने अभिमानाने कानस दाखवली. "मी दर आठवड्याला थोडं थोडं घासतोय, मास्तर. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या."

मास्तरांनी ओळंबा सोडला. चौकट एका अंगाला कलली होती. वरच्या घराचं काम करणाऱ्यांनी महिनाभर फरशांचे गठ्ठे तिला टेकवून ठेवले होते. मास्तर उखडले.

"अहो, दाराला कशाला सोलताय? त्या बिचाऱ्याचा काय दोष? चौकट हललीय तुमची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, दाराला हात लावायच्या आधी चौकट..."

ओळंबा हातात तसाच लोंबत राहिला.

"चौकट काय?" केअरटेकरने विचारलं.

"बघायची," मास्तर म्हणाले. एवढ्या हळू, की केअरटेकरला पुन्हा विचारावं लागलं.

शनिवारी सकाळी चहा न घेता ते गाडीखाली शिरले. सारख्या उंचीचे तीन ठोकळे कापले. एक तुळईच्या पुढच्या टोकाला खालून चिकटवला, एक मागच्या, आणि दोघांवरून दोरा ताणला. तिसरा ठोकळा मध्ये सारला. तो तुळई आणि दोरा यांच्यामध्ये नेमका मावायला हवा होता. त्याने दोरा चांगला खाली ढकलला. गाडी मध्ये वाकली होती. पुढून-मागून टेकू देऊन त्यांनी तिचा कणाच कापला होता आणि मधल्या भागाला आधार द्यायला विसरले होते. ती खाली बसली, दारांच्या चौकटी वरून आवळल्या, आणि त्या बसक्या अवस्थेतच त्यांनी नव्या तुळया वेल्ड केल्या. इतक्या मजबूत, की आता तिने वाकडंच राहायचं. त्यानंतरचे सगळे महिने ते निर्दोष दाराला मारत होते.

मास्तरांनी ग्राइंडर हातात घेतला. आवाज ऐकून बायको धावत आली.

"उद्या माणूस येणार, आणि तुम्ही आज कापताय?"

"चूक झालीय. उघडावी लागेल."

"कुंड्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"मला शेड पाहिजे, हे तुम्हाला ऐकू येतं का?"

"येतं."

"येतं म्हणे!" ती म्हणाली आणि दार आपटून घरात गेली. ते दार एका फटक्यात लागलं.

रविवारी हॉटेलवाला आला तेव्हा दोन्ही तुळया उघड्या पडल्या होत्या. या वेळी मध्ये जॅक होता आणि दारांच्या जागी आडवे-तिरपे पाइप वेल्ड केलेले होते, चौकटीने पुन्हा हलू नये म्हणून. मास्तरांची मनातून खात्री होती की हा सांगाडा बघून माणूस आल्या पावली परत जाईल. आपल्याला तोंड उघडायची वेळच येणार नाही.

हॉटेलवाला वाकून बघून म्हणाला, "खालचं कुणाला दिसतंय? तिथे मी विटा लावीन. मला चालेल."

मेहुण्याने मास्तरांकडे पाहिलं. बायको शेडच्या दारात उभी होती. तिच्या खांद्यावर मोजपट्टी होती.

"द्यायची नाही," मास्तर म्हणाले.

"भावोजी, लोक शोधत असतात हो असं गिऱ्हाईक!"

"नाही द्यायची."

पाहुणे गेल्यावर बायकोने वाद घातला नाही. मोजपट्टी घेऊन तिने गाडी आणि भिंत यांमधली जागा मोजली. मशीन बसत होतं, खुर्ची बसत नव्हती. तिने मास्तरांचं सामानाचं कपाट रिकामं करायला घेतलं. पाने, पक्कडी, वायरींची भेंडोळी सगळी अंगणात गेली. मास्तरांनी मुकाट्याने कपाट बाहेर ओढलं. संध्याकाळी तिथे मशीन चालू झालं. गणवेशांचे ढीग गाडीच्या टपावर गेले. ठिणगी उडेल म्हणून ती असेपर्यंत वेल्डिंग बंद, हा तिचा नवा नियम. म्हणजे मास्तरांच्या हातात फक्त तिची जेवणाची वेळ उरली.

शाळा उघडून जुन्या झाल्या तेव्हा कुठे काम तडीस गेलं. मास्तरांनी जॅक पाव पाव फेऱ्याने चढवला होता, तिन्ही ठोकळे दोऱ्याला सारखे टेकल्यावरच तुळया जोडल्या होत्या. पाइप कापले. डावं दार टांगलं आणि हलकेच ढकललं. खालच्या कडेची पुट्टी कडकड फुटली, तिचा लांबलचक तुकडा जमिनीवर पडला, आणि दार लागलं. टक् आला नाही.

मास्तर तिथेच खाली बसले.

मशीन थांबलं. "लागलं का?" बायकोने विचारलं.

"लागलं."

"मग असे काय बसलायत?"

"वरची कड मी घासून ठेवलीय ना. आता वर फट पडते. बोट जातंय."

ती उठून आली. दाराच्या वरच्या कडेवर तिने हात फिरवला, मग फटीत बोटं घालून पाहिली.

"एक नाही," ती म्हणाली, "दोन जातायत."