बाबांच्या कॉम्प्युटरची ट्रायल

बाबांनी बुद्धिबळ सोडलं, ही बातमी मला घरून नाही, पुण्याहून कळली. कोराडीच्या वीज केंद्रात बाबांच्याच शिफ्टमध्ये नोकरी केलेले त्यांचे मित्र आता मुलीकडे पुण्याला असतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं बाहेर पडणं बंद झालं आहे. पण रोज दुपारी चार वाजता हे काका तिकडे कॉम्प्युटरसमोर बसायचे, बाबा इकडे मानकापूरच्या घरी बसायचे आणि दोघांचा डाव रंगायचा. तर या काकांनी मला फोन करून विचारलं की तुझा बाप माझ्यावर रागावला आहे का. म्हणाले, चार वाजले की मी आपला एकटाच पट मांडून बसतो, आणि हा काही येत नाही.

मी तशी तापट. नागपुरात ऊन तापायच्या आधी ही तापते, असं आई माझ्याबद्दल चारचौघांत सांगते. मी लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं, तुझे बाबा कॉम्प्युटरकडे फिरकतसुद्धा नाहीत, त्याच्यावर सोलापुरी चादर टाकून ठेवली आहे. विचारलं तर म्हणे डोळे दुखतात. आणि तेच डोळे घेऊन पेपर मात्र टेंडर नोटिशींसकट वाचून काढतात. इथेच काहीतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं.

रविवारी सकाळी मी हिंगण्याहून गाडी काढली आणि अख्खं शहर पार करून मानकापूरला पोचले. बाबांनी माझं स्वागत जरा जास्तच केलं. कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणून ठेवले होते. कूलरला वाळ्याच्या नवीन ताट्या लावल्या त्या दाखवल्या. आंबा यंदा कसा महाग आहे, शेजाऱ्यांनी गेट कुठे हलवलं, सगळं सांगून झालं. बुद्धिबळाबद्दल अक्षर नाही. शेवटी मी उठले आणि चादर ओढून काढली.

कॉम्प्युटर सुरू झाला तो आरडाओरडा करतच. आधी एक लाल चौकट आली की तुमचं मशीन धोक्यात आहे. तिच्या मागून दुसरी आली, तुम्हाला बक्षीस लागलं आहे. कोपऱ्यात टुणकन रमीची जाहिरात, तिच्या डोक्यावर पोट कमी करणारा चहा. बाबांनी स्वतः बुद्धिबळाचं पान सगळ्यात आधी उघडेल असं लावून ठेवलेलं असायचं, ते गायब, आणि त्या जागी मी जन्मात नाव न ऐकलेलं कुठलं तरी शोधायचं पान. एक बंद करावं तर दोन उघडत. आई दारात उभी राहून बघत होती. हे यंत्र पोट कमी करायचं मलेच काहून सांगते, असं तिने फार गंभीरपणे विचारलं.

माझं डोकं सटकलं. "बाबा, हे सगळं कोणी केलं?" मी चढ्या आवाजात विचारलं.

बाबा पोह्यांची प्लेट हातात घेऊन तसेच बसले होते. "मीच केलं असन वं," ते म्हणाले. "मले आता आठवत नाही."

मग चहा होईपर्यंत हळूहळू सगळं बाहेर आलं. ते बुद्धिबळाचं पान लावून ठेवायचे आणि सकाळी बघावं तर तिथे दुसरंच पान. त्यांना वाटलं, आपणच बदललं आणि विसरलो. डाव ऐन रंगात असताना भलतीच खिडकी उघडायची. त्यांना वाटलं, आपला हात कुठेतरी चुकीचा पडतो आहे. ती बंद करेपर्यंत डावातली वेळ संपायची आणि डाव जायचा. सॉफ्टवेअरच्या यादीत अशी नावं दिसायची की जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. घरात त्या यंत्राला दुसरं कोणी हात लावत नाही. मग केलं कोणी? त्यांनीच. आणि ते विसरले.

आमच्या मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू कुठे ठेवली ते आठवेना, मग ती कोणीतरी हलवली म्हणून सगळ्यांवर आळ, आणि शेवटी ते माझ्या काकूलाच विचारायचे की बाई, हे घर कोणाचं. त्या दिवसांत बाबांनी भावाला स्वतःच्या हाताने भरवलं होतं. म्हणून यावेळी त्यांनी ठरवलं की कोणावर आळ घ्यायचा नाही, कोणाला सांगायचंही नाही, गुपचूप चादर टाकायची. ऐकता ऐकता माझा राग कुठल्या कुठे गेला. क्षणभर मीसुद्धा घाबरले, खोटं कशाला बोलू?

पण मी सदर भागातल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते आणि आमच्याही मशीनला हाच आजार होऊन गेला होता. मी बाबांना समजावून सांगितलं की ही जाहिरातवाली सॉफ्टवेअर चोरपावलांनी आत शिरतात आणि आपली पानं आपल्या नकळत बदलतात. तुमच्या डोक्याचा यात काही संबंध नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाले, "तू माही समजूत काढून राहिली." मशीन दुरुस्त आहे असं कोणी नुसतं तोंडाने सांगितलं म्हणून या माणसाने नोकरीत कधी विश्वास ठेवला नव्हता. "ट्रायल घेऊन दाखव," ते म्हणाले.

ठीक आहे म्हटलं, ट्रायल तर ट्रायल. बुद्धिबळाचं पान त्यांच्याच हाताने लावून घेतलं. त्यांनी ते दोनदा तपासलं. मग मी मशीन पूर्ण बंद केलं आणि बटण दाबून पुन्हा सुरू केलं. माऊस आणि कीबोर्ड दोन्ही उचलून दिवाणावर नेऊन ठेवले. बाबांना म्हटलं, आता दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि हलायचं नाही. मीही तशीच बसले. आईला साक्षीदार म्हणून बोलावलं, ती बेसनाचे हात घेऊन मागे उभी राहिली. पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आम्ही तिघं त्या पडद्याकडे, तो आता काही बोलेल म्हणून, टक लावून बघत होतो.

एक काळी चौकट आली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. मग आपोआप खिडकी उघडली आणि त्या खिडकीत ते परकं पान येऊन बसलं. पाठोपाठ पोट कमी करणारा चहाही आला.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी हात लावला नाही," ते आईला म्हणाले.

"नाही लावला," आई म्हणाली. "मी पाहून राहिली ना."

त्यांनी पुन्हा ट्रायल घ्यायला लावली. मग आणखी एकदा. दर वेळी त्यांची पाठ थोडी ताठ होत गेली. शेवटच्या वेळी तो चहा आला तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसून पाणी आलं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही दोघींनी ते मान्य केलं.

त्यानंतर घरात जणू शिफ्ट सुरू झाली. बाबा खुर्चीत सरसावून बसले आणि मला हुकूम सोडू लागले. सॉफ्टवेअरची यादी तारखेप्रमाणे लावली तर एकाच दिवशी एक अख्खी वरात आत आलेली दिसली. त्या दिवशी बाबांनी जुने फोटो मोठे करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि त्याच्या मागे रमी, चहा, शोधायचं पान, सगळे पाहुणे शिरले होते. पण आत येताना ते विचारतात ना, मी म्हटलं, तुम्ही वाचलं नाही का?

तेव्हा खरा घोटाळा कळला. कंट्रोल रूममध्ये काही बिघडलं की पॅनेलवर चौकट लुकलुकते आणि भोंगा कोकलतो. ऑपरेटरने आधी ॲक्सेप्टचं बटण दाबून भोंगा बंद करायचा, मग काय झालं ते वाचायचं आणि कामाला लागायचं. भोंगा वाजत ठेवणारा ऑपरेटर म्हणजे अगदीच ढिला माणूस. सगळी उमर ज्याने हे केलं, त्याच्या घरच्या पडद्यावर चौकट उगवली की त्याचं बोट कुठे जाणार? ज्याने ज्याने विचारलं त्याला बाबांनी ॲक्सेप्ट केलं होतं. नाही तर ते वाजतच राहते ना, असं वर मलाच समजावलं. मी कपाळावर हात मारला. तिथे यंत्रही तुमचं होतं आणि भोंगाही तुमचा, मी म्हटलं, इथे चोर स्वतःच घंटी वाजवून येऊ का म्हणून विचारतो आणि तुम्ही या म्हणता!

मग एकेकाला बाहेर काढायला घेतलं. निघताना जो तो नाटकं करत होता. एक म्हणे नक्की जाऊ ना, दुसरा म्हणे महिनाभर तरी राहू द्या. एकाने तर डोळ्यांत पाणी आणलेल्या कुत्र्याचं चित्रच दाखवलं. आई म्हणाली, बिचारं. बाबांचंही बोट अडखळलं. मी त्यांच्या हातून माऊस घेतला आणि त्या कुत्र्याला घालवून दिलं.

एक बेटा मात्र मोठा चिवट निघाला. काढावा आणि मशीन सुरू करावं की पुन्हा हजर. माझी चिडचिड व्हायला लागली, पण बाबा शांत होते. याला कुठूनतरी आपोआप स्टार्ट मिळून राहिला, आधी तो तोडा, ते म्हणाले. मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी उघडली, ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची उघडली, तर हा दोन्हीकडे दबा धरून बसलेला. तिथे बंद केला, मग काढला, तो गेलाच. ज्या ज्या पानांना जाहिराती दाखवायची परवानगी दिली होती, ती सगळी काढून घेतली. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. मग मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. आपोआप काहीच आलं नाही. बाबांनी खिडकी उघडली, तर बुद्धिबळाचंच पान आलं आणि तसंच राहिलं. बाबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. आई म्हणाली, आता पुरे, गोळाभात थंडा होऊन राहिला.

चार वाजायच्या आधीच बाबा खुर्चीत होते. पुण्याचे काका तिकडे आलेलेच होते. डाव सुरू झाला. मी मागे बसून होते, आणि पडद्यावर मधेच काही उगवतं का म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. काही उगवलं नाही. बाबा झकास खेळत होते, आणि मग एकाएकी त्यांनी आपला वजीर काकांच्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. काकांनी तो गिळला. थोड्याच चालींत डाव संपला.

लगेच फोन वाजला. बाबांनी स्पीकर लावला. काका इतक्या खुशीत होते की नमस्कारही न करता त्यांनी विचारलं, "काय बे, डोकं गेलं का तुझं?"

आई जागच्या जागी थांबली. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"डोकं जागेवर आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की कोणाला वाटावं, हेच जिंकले. "वजीर मी दिला. माह्या हातानं दिला. आज मी माह्याच अकलेनं हरलो गा!"

आणि त्यांनी लगेच दुसरा डाव मांडला.