सनईवाल्याचं नाक

वाजंत्र्यांकडं किस्से का साचतात ते सांगतो. लग्नघरी आम्हाला सगळ्यांच्या आधी बोलावतात आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसवतात. मधला वेळ घालवायचा कसा? ही शेवटची पंगत मला बंद पाडायची होती. बेळगावला बी.एस्सी. करून गावी, रामनगरला परत आलो तो तेच डोक्यात घेऊन. मित्र बँकेच्या परीक्षा देत होते आणि मी काकांच्या ताफ्यात बसलो होतो. पंगत अजून तिथंच आहे. पण त्या एका वर्षात जे बघितलं, ते बँकेच्या काउंटरवरून दिसलं नसतं.

ताफा लहान. यल्लाप्पाकाका सनई वाजवायचे, परसू ढोलकी, आणि मी सूर, म्हणजे मागं एकच स्वर धरून ठेवणारी दुसरी सनई.

* * *

काकांची सनई मध्ये थांबत नसे. गालात हवा साठवायची आणि ती सनईत सोडता सोडता नाकानं नवा श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. लहानपणी मी त्यांच्या गालाला हात लावून बघायचो. आत काहीतरी जिवंत हलतंय असं वाटायचं.

म्हणजे सगळी मदार नाकावर. आणि नाकानंच दगा दिला. माघ महिना लागला, रान मोहरलं, की काकांचे डोळे लाल, नाक बंद आणि शिंकांवर शिंका. लग्नसराईही नेमकी तेव्हाच.

गेल्या हंगामात रामनगरच्याच एका लग्नात अंतरपाट खाली आला आणि काका शिंकले. एकदा शिंकून भागलं नाही, शिंकतच राहिले. सनई बंद पडली. लोकांच्या अक्षता हातातच राहिल्या. नवरीचा आजा म्हणाला, "तुला वाजवायला बोलावलंतं, अपशकुन करायला न्हाई."

त्यानंतर बोलावणी गळत गेली. शिंकणारा सनईवाला लग्नात कोण नेईल? काकांनी काकूला एवढंच सांगितलं, "फुडच्या हंगामात परत असं झालं, तर सनई देवळात ठेवतो आणि लाकडाच्या डेपोत कामाला जातो."

त्या दिवशी काकूनं भांडी फार जोरात घासली.

* * *

गावातले सगळे उपाय करून झाले होते. ओव्याची धुरी दिली तेव्हा तर शेजारी बसलेला परसूही शिंकायला लागला. शेवटी पाऊस सरल्यावर मी काकांना ओढतच बेळगावला नेलं, नाकाच्या डॉक्टरांकडं.

डॉक्टरांनी बॅटरी मारून नाक तपासलं आणि म्हणाले, "अॅलर्जी आहे. फुलांचे पराग, धूळ, पेंढ्याचं भुसकट. यातलं काय काय टाळता येईल?"

काका म्हणाले, "लग्नात फुलं असत्यात. मांडवात धूळ असते. घरात पेंढ्यावर निजतो. टाळायला ऱ्हायलं काय?"

"पेंढा तर आजपासून बंद. बाहेरून आलात की कपडे बाहेर काढायचे, तोंड धुवायचं, नाक मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायचं. पाणी उकळून निववलेलं. आणि हा स्प्रे. रोज सकाळी मारायचा. बरं वाटलं तरी मारायचा. हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून मारायचा. आज मारला म्हणून आज गुण येणार नाही."

काकांनी बाटली उलटसुलट करून बघितली. "डाक्टर, ह्ये औषध हाय का रियाज?"



* * *

आमच्याकडं नाकात घालायची वस्तू एकच, तपकीर. आणि तपकिरीची डबी एकट्यानं उघडायची नसते. समोरच्याला आधी द्यायची, मग आपण ओढायची.

बाटली आणली त्याच संध्याकाळी काका देवळाच्या कट्ट्यावर बसले. मी पोचलो तेव्हा बाटली कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती. दोघं-तिघं पाव्हणे नाक वर करून रांगेत. परसूनं दोन्ही नाकपुड्यांत मारून घेतला होता आणि वर तोंड करून तो म्हणत होता, "झणका न्हाई ह्येला."

मी बाटली हिसकावली. म्हटलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आहे, ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, एकाच्या नाकाचं दुसऱ्याच्या नाकाला चालत नाही. शिकलेल्या माणसाला शोभेल असं बरंच काही बोललो.

कट्ट्यावरचे एक आण्णा शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण पोरा, चार माणसांत बसून एकट्यानंच नाकात घालायचं, ह्ये तरी कसं दिसतंय?"

दुसऱ्या दिवसापासून काका स्प्रे गोठ्यामागं जाऊन मारू लागले. लाजून.

* * *

कपडे बाहेर ठेवायची जबाबदारी काकूनं घेतली. काकांचा वाजवायचा कोट आणि फेटा अंगणातल्या फणसाला टांगलेला असायचा. "ऐकलंसा का? आदी नाक, मग घर," असं ती उंबऱ्यातूनच सांगायची, आणि काका निमूट न्हाणीकडं वळायचे.

शेजारी तुकाआजा राहायचे. त्यांचं घर सुपा धरणात गेलं, तेव्हापासून इथं आलेले. नजर अधू. ते रोज तिन्हीसांजेला कुंपणाशी उभे राहून काकांशी गप्पा मारायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या काकाला काय झालंय रे? बेळगावला जाऊन आल्यापास्नं फणसाखाली उभा ऱ्हातोय, फेटा बांधून. मी बोलतोय, बोलतोय, एक शबुद देत न्हाई. गर्व आला काय?"

* * *

मला धीर नाही. थोडे दिवस गेले आणि काकांचं नाक तसंच. मी चिडलो. म्हटलं, डॉक्टरनं फसवलं, दुसरीकडं जाऊ.

काका सनईच्या तोंडाची पत्ती ओली करत होते. म्हणाले, "सूर धरायला तुला किती दिवस लागले?"

"अजून नीट धरता येत नाही."

"आणि माझ्या नाकाला म्हैनाभर बी देत न्हाईस?"

तेव्हापासून मी फक्त बघत राहिलो. थंडी असो, अंग दुखो, हा माणूस पहाटे उठायचा, नाक धुवायचा, मान जराशी खाली घालून स्प्रे मारायचा, मग पत्ती भिजवून सनईला हात लावायचा. एक दिवस चुकला नाही. मला वाटायचं, श्रद्धा म्हणतात ती देवळात असते. ती मी आमच्या गोठ्यामागं बघितली.

आणि एके दिवशी जेवताना काका थबकले. आमटीचा वास घेतला, पुन्हा घेतला. "आज लसूण जरा करपलाय."

काकूचा हात भाकरीवरच राहिला. डोळे भरून आले. मग पदरानं पुसून म्हणाली, "इतकी वर्सं मुकाट जेवत होतासा, तेच बरं होतं."

* * *

फाल्गुनात कॅसलरॉकहून बोलावणं आलं. रेल्वेतल्या एका गँगमनच्या मुलीचं लग्न. दुसरा ताफा मिळाला नाही, हे त्यानं लपवलं नाही. "पोरगी म्हणाली, शिंका आल्या तर येऊ देत, सनई पायजे."

नवरदेव गोव्याकडून घाट चढून येणाऱ्या गाडीनं यायचा होता. त्यांचा रिवाज असा, की नवऱ्याचा पाय फलाटावर पडला की सनई सुरू करायची आणि तो मांडवात शिरेपर्यंत तोडायची नाही.

आम्ही इंजिन थांबतं त्या टोकाला उभे राहिलो. फलाटापलीकडं सगळं रान मोहरलेलं, वाऱ्यावर पिवळी भुकटी उडत होती. गाडी येऊन थांबली, त्यात मुलीकडच्यांनी फुलं उधळली. काकांनी सनई ओठाला लावली. नवरदेव उतरला, पण त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. अख्खा फलाट काकांच्या नाकाकडं बघत होता.

नवऱ्याची आत्या डब्यातून उतरेना. खिडकीतून ट्रंका बाहेर आल्या. त्यातली एक परत आत गेली, कारण ती दुसऱ्याच कुणाची होती. मला तो श्वास अजून साधला नव्हता, माझा सूर दोनदा तुटला. परसूचे हात भरून आले. काकांचे डोळे मिटलेले, गाल हलत होते आणि सनई चालू होती. नदीचं पाणी चालू असतं तशी.

गार्डानं हिरवा बावटा दाखवला. गाडी हलली नाही. पुन्हा दाखवला. शेवटी तो वैतागून इंजिनापर्यंत चालत आला. ड्रायव्हर हातावर हनुवटी टेकून बाहेर बघत होता.

"काय झालं? निघत का नाहीस?"

ड्रायव्हर काकांवरची नजर न काढता म्हणाला, "त्यांना एकदा श्वास घेऊ दे, मग निघतो."

आत्या उतरली. आम्ही नवरदेवाला घेऊन चढ चढलो, वळण घेतलं, मांडवात पोचलो. गाडीची शिट्टी अजून झाली नव्हती.